कायदा न बदलता गावात ऑनलाइन मतदान कसं सुरू करायचं

सगळे निर्णय लोकांनीच मोबाईलवरून घ्यायचे, मधे नेते कशाला, असं म्हणणारे खूप भेटतात, पण त्यासाठी घटना बदलायची वाट बघत बसलात तर झालंच. स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळच्या वालेंतुना गावात एका शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी देमोएक्स नावाचा पक्ष काढला, 2002 ला तिथल्या नगरपरिषदेत एक जागा जिंकली आणि त्यांचा सदस्य सभागृहात स्वतःच्या मनाने नाही तर वेबसाइटवर लोक जे ठरवतील तसं मत द्यायचा. कायदा होता तसाच राहिला.

आपल्याकडे असा सदस्य निवडून आणायचा तर ग्रामपंचायतीपासून सुरू करा. महाराष्ट्रात तिथे 7 ते 17 सदस्य असतात म्हणजे एका मताला वजन असतं, आणि पक्षाचं चिन्ह नसतं. महापालिकेत पक्षाच्या तिकिटावर गेलात की व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, येतो, तो मोडला तर 1986 च्या अनर्हता कायद्याने पद जाऊ शकतं, मग तुमच्या ऑनलाइन मतदानाचं काय करायचं? तिथे लढायचंच तर अपक्ष लढा. गावातही पॅनलप्रमुखाला, सदस्य ऑनलाइन निकालाप्रमाणेच मत देणार, हे आधीच सांगून ठेवा, नंतर भांडण नको.

ॲप सगळ्यात शेवटी बघा, खरं काम मतदार यादीचं आहे. वॉर्डाची यादी घ्या, घरोघरी जा, ओळखपत्र बघा आणि प्रत्येकाला बंद पाकिटात वेगळा पिन द्या. नुसत्या ओटीपीवर जाऊ नका कारण घरात मतदार चार आणि फोन एक, तोही पोराच्या खिशात, मग चारही मतं पोराचीच. नुसता गूगल फॉर्म फिरवला तर ते मतदान नाही, टाइमपास आहे.

घरच्यांच्या दबावावर एस्टोनियाने चांगला उपाय काढलाय. तिथे 2005 पासून ऑनलाइन मत देता येतं आणि मुदतीत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेवढं मोजतात, शिवाय केंद्रावर जाऊन कागदी मत दिलं तर ऑनलाइन मत रद्द. तुम्हीपण बदलायची सोय ठेवा. निकालानंतर प्रत्येक मताच्या कोडनंबरसकट सगळी मतं जाहीर केली तर ज्याला त्याला आपलं मत तपासता येतं, पण मग कोणीतरी तुझा कोड दाखव म्हणून मागे लागणार, मत तपासता येणं आणि ते गुप्त राहणं हे दोन्ही एकदम साधत नाही. रस्ता, गटार, पाण्याच्या टाकीसाठी मी तरी जाहीर करणंच निवडेन, कारण गावात पहिला आरोप घोळाचाच होतो. घरकुल कोणाला द्यायचं असले विषय मात्र मतदानाला टाकूच नका, कोणाचा हक्क बहुमतावर ठरवायचा नसतो.

प्रश्न लिहिताना रक्कम लिहा. 'विकास हवा का' याला नाही कोण म्हणणार? 'एवढ्या पैशात शाळेची दुरुस्ती की स्मशानभूमीचा रस्ता' असं विचारा. किती लोकांनी मत दिलं तर निकाल पाळायचा तो आकडा निवडणुकीच्या आधीच जाहीर करा, तेवढे आले नाहीत तर सदस्याने स्वतः ठरवायचं आणि का ते सांगायचं. ऑनलाइन निकाल पाळायचा हा दिलेला शब्द कायद्याने बांधील नाही, सदस्य फिरला तर कोर्टात काही होणार नाही, म्हणून मासिक सभेत त्याने कसं मत दिलं ते प्रोसिडिंगमध्ये नावासकट लिहायला लावा, आणि त्या पानाची नक्कल काढून ऑनलाइन निकालाच्या शेजारी टाका.