मरणासन्न चिनी रुग्णांशी बोलताना या चुका टाळा

सिंगापूरच्या पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या वॉर्डात, नवीन येणारी कर्मचाऱ्यांची प्रत्येक बॅच एकच घोळ घालते. घरच्यांनी आजार लपवलाय, म्हणजे पेशंटला काहीच ठाऊक नाही, असं धरून चालते. अहो, मॉर्फिनचा डोस वाढतो, परदेशातला मुलगा अचानक येऊन ठाण मांडतो, ऑपरेशनचं नाव कुणी काढत नाही. माणसाला कळत नाही होय?

कोर्स करून नुकतीच आलेली एक मुलगी फॉर्म घेऊन एका चिनी आजींपाशी गेली आणि मुलादेखत विचारलं, "तुम्हाला काय झालंय, माहीत आहे का?" आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगा आमच्यावर भडकला. पुढे कशालाही आजींचं उत्तर एकच, "बरं आहे." आणि याच आजींनी मेल्यावर अंगावर घालायचे कपडे सुनेकडून आधीच मागवून घेतले होते, विषम संख्येत, रीतीप्रमाणे. पिशवी खाटेखालीच होती. फॉर्म भरायच्या घाईत ती कुणाला दिसणार!

मी आजाराचं नाव काढत नाही. अंग पुसताना "घरी काही काम राहिलंय का?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. बोलायचं असेल तर ते बोलतात. मुलाला मात्र दुभाषा करत नाही, तो अर्धं गाळतो.

ग्लेझर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांवरून मांडलेले जाणिवेचे चार प्रकार (पेशंटला आपल्या मरणाची किती कल्पना आहे, यावरून) पाठ करून पेशंटला एका खणात कोंबू नका. सकाळी मुलासमोर "बरा होऊन घरी जाईन" म्हणणारे आजोबा रात्री माझ्याकडे थडग्याच्या जागेबद्दल बोलतात.

कुटुंबाला खलनायक ठरवू नका. चीनच्या २०२१ पासूनच्या नागरी संहितेतच तरतूद आहे की रुग्णाला सांगणं योग्य नसेल तर नातेवाइकांना समजावून त्यांची संमती घ्यावी.

चार नंबरची खाट देऊ नका; चिनीत 'चार' हा शब्द 'मरण'सारखा ऐकू येतो. वाद नंतर घाला.

आणि 'चिनी लोक मरणाबद्दल बोलत नाहीत' हे वाक्य रिपोर्टात लिहू नका. तैवानमध्ये २००० सालापासून हॉस्पिसचा, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या सेवेचा, कायदा आहे. चीनमधल्या शेन्झेन शहरात २०२३ पासून उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवता येते आणि डॉक्टरांनी ती मानावी लागते.