एजंट हवाच का?

लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रकाशकाकडे कादंबरी द्यायची असेल, तर हो, एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा मध्यस्थ, बहुधा लागतोच. पेंग्विन रँडम हाउस, हार्परकॉलिन्स यांच्या बहुतेक विभागांत लेखकाने परस्पर पाठवलेलं हस्तलिखित घेतच नाहीत. कवितासंग्रह, अभ्यासग्रंथ किंवा छोट्या प्रकाशकाला शोभेल असं पुस्तक असेल, तर मात्र एजंटच्या मागे लागू नका. तो कमिशनवर जगतो: साधारण १५ टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर बहुधा २०. कवितेच्या रॉयल्टीतून त्याच्या हाती काय पडणार?

माझं पहिलं पुस्तक मी थेट छोट्या प्रकाशकाला दिलं. तिथवर एजंटवाचून काही अडलं नाही. अडलं ते कराराचा मसुदा आल्यावर. रॉयल्टी १० टक्के, एवढंच वाचून माणूस खूश होतो. पण १० टक्के कशाचे? पुस्तकाची किंमत ५०० आणि विक्रेत्याला सूट ५० टक्के धरा. छापील किमतीवर हिशेब केला तर प्रतीमागे ५० मिळतात, प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर केला तर २५. शिवाय ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क कोणाकडे, पुस्तक बाजारातून गेल्यावर ते परत कधी मिळणार, पुढचं पुस्तक याच प्रकाशकाला आधी दाखवायचं बंधन आहे का? एजंट खरी कमाई करून देतो ती इथे. तो नसेल तर करार जाणकाराला दाखवा. ब्रिटनची सोसायटी ऑफ ऑथर्स आणि अमेरिकेची ऑथर्स गिल्ड सभासदांचे करार तपासून देतात. नाहीतर कॉपीराइट कळणारा वकील गाठा. साधा जमीनजुमल्याचा वकील इथे फारसा उपयोगाचा नाही.

एजंट शोधायचाच असेल, तर कादंबरी पूर्ण लिहून मगच. ललितेतर पुस्तकाला प्रस्ताव आणि एक-दोन नमुना प्रकरणं सहसा पुरतात. त्याने आधी कोणती पुस्तकं विकली ते पाहा. वाचनाचे पैसे मागितले, तर तिथूनच नमस्कार करा. चांगला एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच आपला वाटा घेतो.

आणि एक, हे सहसा कोणी सांगत नाही. आधी सगळ्या प्रकाशकांकडून ‘साभार परत’ घेऊन मग एजंटकडे जाऊ नका. ज्यांनी नाही म्हटलंय, त्यांच्याच दारात तेच हस्तलिखित घेऊन तो पुन्हा सहसा जात नाही.