वयात येण्याबद्दल एकदाच नको, थोडं थोडं बोला

मुलांना समोर बसवून ‘आज एका महत्त्वाच्या विषयावर बोलू’ म्हटलं की ती अंग चोरून बसतात. त्यापेक्षा गाडीतून जाताना, भांडी पुसताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा वेळी दोन वाक्यं बोला आणि विषय सोडून द्या.

सुरुवात मात्र लवकर हवी. शरीरातले बदल मुलींमध्ये साधारण 8 ते 13 आणि मुलग्यांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतात. स्तनांची वाढ दिसू लागल्यावर बहुधा दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. सुरुवातीला पाळी अनियमित असू शकते, हेही आधीच सांगून ठेवा.

मुलग्यांशी तर बऱ्याचदा कुणी बोलतच नाही. झोपेत वीर्य बाहेर पडणं हा आजार नाही, स्तनाग्रांमागे येणारी थोडी सूज बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप जाते, हे न कळल्याने ती मनातल्या मनात घाबरत राहतात.

अवयवांची खरी नावं वापरा: योनी, शिश्न, वृषण. टोपणनावं वापरली तर दुखतंय कुठे हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. एखादं उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा, आणि दोन दिवसांत सांगाच.