रस्त्याचं पाणी नदीकडे सोडताना या चुका टाळा

नदी कोण घाण करतं असं विचारलं की बोट कारखान्याकडे जातं, नाहीतर सांडपाण्याकडे. रस्त्याचं नाव कुणी घेत नाही. टायर झिजतात, ब्रेक घासतात, तेल ठिबकतं. जस्त-तांबं असलेली ती काळी धूळ कोरड्या दिवसांत साचत राहते आणि पावसाळी गटारातून थेट नदीत उतरते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या शहरी ओढ्यांत कोहो सॅमन मासे अंडी घालण्याआधीच मरायचे. त्याचं कारण २०२० मध्ये सापडलं: रबर टिकावं म्हणून टायरमध्ये घालतात त्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संबंध आला की त्यातून विषारी पदार्थ तयार होतो.

हे पाणी नदीआधी गाळायचं म्हणून रस्त्याकडेला खोलगट वाफे करतात. वर झाडं, मध्ये वाळूमिश्रित माती, तळाशी खडी आणि भोकांचा पाइप. दिसायला सोपं काम, म्हणून सगळे त्यात हात घालतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे वाफ्याची माती रस्त्याच्या बरोबरीला आणणं. दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझीच सांगतो. वाफा नकाशाप्रमाणे झाला होता, रस्त्याच्या कडेच्या दगडांत, म्हणजे कर्बस्टोनमध्ये, पाणी आत यायला तोंडंही ठेवली होती. झाडं लावणाऱ्यांनी रोपं उठून दिसावीत म्हणून माती तोंडापर्यंत भरली आणि वरून लाकडाच्या सालींचे तुकडे पसरले. सुबक दिसत होतं, मीही मान डोलावली. पहिला पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन तिथेच उभा होतो. काळं, फेसाळ पाणी कर्बच्या कडेने आलं, तोंडाशी जरासं घुटमळलं आणि सरळ पुढच्या गटाराच्या जाळीत गेलं. थोड्या वेळाने वाफ्यातल्या साली तरंगत बाहेर आल्या, जाळीवर बसल्या आणि रस्ता तुंबला. नदीला मी त्या दिवशी काडीचाही उपयोग केला नाही, उलट वाहनं अडवली.

तेव्हापासून तोंडाच्या आतली माती पाच ते सात सेंटीमीटर खाली ठेवतो, आणि तोंडासमोर रस्त्यालाही थोडा ढाळ काढून घेतो. रोपं लावण्याआधी वरच्या अंगाने बादलीभर पाणी ओतून बघतो. लेव्हल मशीन काहीही सांगो, माझा विश्वास बादलीवर. साली पसरायच्याच तर लांब धाग्यांच्या घ्या, त्या एकमेकींत अडकून राहतात. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी झाडं लावायची घाई असते. फोटो झाडांचा येतो ना, ढाळाचा कुठे येतो!

शेजारी बांधकाम चालू असेल तर वाफ्याची तोंडं बंद ठेवा. एका पावसातली माती अख्खा वाफा बुजवते.

भरपूर कंपोस्ट घालू नका. त्यातलं फॉस्फरस पाइपातून नदीतच जातं आणि शेवाळ वाढवतं.

माती आणि खडीच्या मध्ये कापड अंथरू नका, ते चोक होतं. मी बारीक खडीचा थर देतो.

वाफ्यात मशीन चालवू नका. दाबलेली माती पाणी पीत नाही.

आकाराचा हिशोब तर कुणी करतच नाही. हजार चौरस मीटर रस्त्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, आणि त्यापुढे पायपुसण्याएवढा वाफा!

दुसरी माझी आवडती डोकेदुखी गाळाच्या चेंबरची, म्हणजे पाण्यातला गाळ खाली बसावा म्हणून बांधतात त्या खड्ड्याची. बांधलं की लोक विसरतात. चेंबर भरलं की ते काहीच अडवत नाही. उलट मोठी सर आली की साठलेला गाळ ढवळून एकदमच नदीकडे ढकलते. मी काठीवर निम्म्या खोलीची खूण करून ठेवली आहे. गाळ खुणेला लागला की उपसा, तारीख बघत बसायचं नाही. उपसण्यातही एक गंमत चालते. काढलेला गाळ जाळीशेजारीच ढीग करून ‘वाळला की नेऊ’ म्हणतात. पुढच्या सरीला तो आपल्या पायांनी परत आत जातो. त्याच दिवशी गाडीत भरता येत नसेल तर झाकण उघडूच नका. आणि तो गाळ बागेत टाकायचा नाही, त्यात धातू आहेत.

वाफ्यात दोन दिवसांनंतरही पाणी उभं असेल तर झाडं बदलायला धावू नका. आधी पाइपाचं तोंड मोकळं आहे का बघा. ते ठीक असेल तर वरचा पाचेक सेंटीमीटर थर खरवडा. बहुतेक वेळा त्या चिकट काळ्या पापुद्र्यानेच पाणी अडवलेलं असतं. उलट, पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांतच तळाच्या पाइपातून गढूळ पाणी यायला लागलं, तर पाणी मातीतून गाळून येतच नाहीये. कुठेतरी, बहुधा पाइपाच्या कडेने, बीळ पडलंय. तिथे खणून माती पुन्हा भरावीच लागते. वरून दोन घमेली टाकून भागवलेलं मी आजवर टिकलेलं पाहिलं नाही.