लॅपटॉपचे वायफाय केबलने गेम कन्सोलला कसे द्यावे

शिवाजी पेठेतील आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. राउटर माडीवरच्या पुढच्या खोलीत असतो आणि टीव्हीसह प्लेस्टेशन ४ खाली माजघरात असते. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या कोनाड्यात लॅपटॉप ठेवला की त्याला वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा सिग्नल व्यवस्थित मिळतो. २०१३ साली आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ४ ला मात्र फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच ऐकू येते, आणि पेठेत प्रत्येक घरात राउटर असल्याने त्या पट्ट्यात इतकी गर्दी असते की भाच्याचा खेळ ऐन रंगात आला की जोडणी तुटते. कोनाड्यातला लॅपटॉप आणि टीव्हीखालचे प्लेस्टेशन यांच्यात एक लॅन केबल टाकून मी हा प्रश्न सोडवला. त्यानंतर मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या घरी हीच जोडणी इतक्या वेळा करून दिली आहे की तिच्याविषयी फिरणारे चुकीचे सल्ले आता ऐकवत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. राउटरपासून कन्सोलपर्यंत सरळ लांब केबल टाकणे शक्य असेल, तर तीच टाकावी आणि हा लेख इथेच सोडावा. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि घर कितीही मोठे असले तरी तेवढे अंतर सहसा लागत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, वसतिगृहाचे वायफाय ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय सुरू होत नसेल किंवा आमच्यासारखे घरच आडवे येत असेल, तेव्हा लॅपटॉपला मध्यस्थ करणे योग्य ठरते.

साहित्यात कोणतीही साधी लॅन केबल चालते. लॅपटॉप पातळ असून त्याला लॅनचे तोंड नसेल, तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्यावा लागतो. मूळ निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या डॉकलाही (टीव्हीला जोडण्याच्या बैठकीलाही) असा अडॅप्टर लागतो. २०२१ च्या ओलेड आवृत्तीच्या डॉकला लॅनचे तोंड आहे. दोन यंत्रे थेट जोडायची म्हणजे क्रॉसओव्हर केबलच हवी, असे सांगून शाहूपुरीतल्या एका दुकानदाराने मला जास्त पैशांची केबल दिली होती. गेल्या कित्येक वर्षांतील यंत्रे तारांची अदलाबदल स्वतःच ओळखतात, त्यामुळे ती केबल आजही माळ्यावर गुंडाळून पडली आहे.

केबल दोन्हीकडे लावावी, कन्सोल चालू करावा आणि लॅपटॉपवर इंटरनेट चालत असल्याची खात्री करावी. यानंतर येणाऱ्या एका पायरीवर माझ्या पहिल्या तीन संध्याकाळी वाया गेल्या होत्या, म्हणून ती सावकाश सांगतो.

विंडोजमध्ये ‘रन’ची चौकट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ टाइप करावे. डॉटच्या जागी अर्थात टिंब द्यावे. लॅपटॉपच्या सर्व जोडण्या एका खिडकीत दिसतात आणि त्यांतल्या दोनच आपल्या कामाच्या असतात: वायफाय आणि इथरनेट, म्हणजे लॅन केबलची जोडणी. आता इंटरनेट वाटून देण्याची, म्हणजे शेअरिंगची, टिक कोणावर करायची? माझी चूक इथेच झाली. कन्सोल इथरनेटला जोडलेला आहे, तेव्हा शेअरिंग इथरनेटचेच करायचे असणार, असा साधा तर्क करून मी तीनही संध्याकाळी इथरनेटचे प्रॉपर्टीज उघडत राहिलो. ते पूर्ण उलटे आहे. टिक देणाऱ्यावर करायची असते, घेणाऱ्यावर नव्हे. ज्या जोडणीतून इंटरनेट घरात येते ती वायफायची, म्हणून वायफायवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे, त्यातील ‘शेअरिंग’ टॅबवर जावे आणि इतरांना या संगणकाच्या इंटरनेट जोडणीतून जाऊ देण्याविषयीच्या पहिल्या चौकटीत टिक करावी. खाली यादी दिसली तर तीत इथरनेट निवडावे. लॅपटॉपवर दोनच जोडण्या असतील तर ही यादी दिसतच नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर कधी टाकले असेल, तर तिथे चार-पाच नावे असतात आणि विंडोज हमखास नको तेच नाव पुढे करते. ते नाव तसेच स्वीकारून ‘ओके’ करणे ही मी पाहिलेली दुसऱ्या क्रमांकाची चूक आहे.

टिक करताना एक सूचना येते, की इथरनेटला आता १९२.१६८.१३७.१ हा पत्ता दिला जाईल. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात, पण सगळी मेख त्या एका ओळीत आहे. त्या क्षणापासून लॅपटॉप हा कन्सोलसाठी एक छोटा राउटर होतो, स्वतः १३७.१ या जागी बसतो आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला जो असेल त्याला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता देतो. जोडणी जमली की नाही हे पाहण्यासाठी कन्सोलच्या इंटरनेट चाचणीवर अवलंबून राहू नये, कारण नेमके कुठे अडले हे तिच्यावरून नेहमी कळत नाही. कन्सोलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन त्याला मिळालेला आयपी पत्ता वाचावा. तो १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉप आणि कन्सोल यांची ओळख झाली आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कन्सोलला कोणीही पत्ता दिलेला नाही आणि त्याने वाट पाहून कंटाळून स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतला आहे. हे आकडे दिसले की केबल बदलणे, कन्सोल बंद-चालू करणे, माडीवर जाऊन राउटर झटकणे हे सारे उद्योग थांबवावेत. दोष लॅपटॉपच्या आत आहे.

तो शोधताना मी आधी विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट पाहतो. इंटरनेट शेअरिंगची सेवा एका वेळी एकाच घेणाऱ्याला पोसते. कोणाच्या तरी फोनसाठी हॉटस्पॉट सुरू केलेला असेल, तर इथरनेटच्या वाट्याला काही येत नाही. त्यानंतर ऑफिसच्या कामाचे व्हीपीएन (ऑफिसच्या जाळ्यात जाण्याची खासगी वाट) पाहावे आणि चालू असल्यास बंद करावे. मग विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची फायरवॉल. हीच माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोषी निघाली आहे, कारण तिला केबलवरून येणारी पत्त्याची मागणी परक्याची वाटते आणि ती मुकाट्याने दार लावून घेते. अशा वेळी फायरवॉल कायमची बंद करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात मानू नये. पाच मिनिटे बंद करून दोष तिचाच आहे ना हे पाहावे आणि तसे असल्यास तिच्या सेटिंगमध्ये इथरनेटचे जाळे विश्वासाचे म्हणून नोंदवून ती पुन्हा सुरू करावी. एवढे करूनही १६९.२५४ हटत नसेल, तर वायफायवरची टिक काढावी, ‘ओके’ करावे, दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि टिक पुन्हा करावी. हे ऐकायला खुळचट वाटते, पण निम्म्या वेळा काम एवढ्यानेच होते, कारण इथरनेटला पूर्वी कोणीतरी हाताने घातलेला जुना पत्ता या उलाढालीत पुसला जातो आणि १३७.१ पक्का बसतो. तो बसला का, हे कमांडच्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन लगेच पाहता येते.

आणखी दोन सल्ल्यांविषयी माझे मत ठाम आहे. पहिला सल्ला म्हणजे वायफाय आणि इथरनेट दोन्ही निवडून त्यांचा ‘ब्रिज’ करणे, म्हणजे दोन्ही जोडण्या जोडून एकच करणे. ऐकायला हा मार्ग सरळ वाटतो, पण राउटरशी वायफायने जोडलेल्या लॅपटॉपने फक्त स्वतःच्या ओळखीने बोलावे अशी त्या जोडणीची घडण असते. ब्रिजमागचा कन्सोल स्वतःच्या ओळखीने बोलू पाहतो आणि बहुतेक राउटर त्याला ओळखच देत नाहीत. कोणाकडे चालला तर चालला. माझ्याकडे दर वेळी लॅपटॉपचेही इंटरनेट गेले आणि ब्रिज मोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुसरा सल्ला म्हणजे कन्सोलला राउटरच्या मालिकेतला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता हाताने देणे. राहायचे राजारामपुरीच्या नवव्या गल्लीत आणि पत्ता लिहायचा तिसऱ्या गल्लीचा, अशातला हा प्रकार आहे. टपाल येणार कुठून? पत्ता हाताने द्यायचीच वेळ आली तर कन्सोलला १९२.१६८.१३७.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१३७.१ आणि डीएनएस ८.८.८.८ असे द्यावे. माझ्या मते हा उपाय दोष शोधण्यापुरता ठीक आहे. रोजच्या वापराला पत्ता आपोआपच मिळू द्यावा.

कन्सोलवर लॅन केबल निवडावी आणि बाकी सगळे ‘ऑटोमॅटिक’ ठेवावे. प्रॉक्सी विचारल्यास ‘वापरू नका’ असे सांगावे.

मॅकवर हे काम बरेच सोपे आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, त्यात ‘शेअरिंग’, त्यात ‘इंटरनेट शेअरिंग’ उघडून वायफायकडून इथरनेटकडे अशी दिशा निवडावी. तिथे पत्ता १९२.१६८.२ ने सुरू होतो, एवढाच फरक लक्षात ठेवावा.

खेळ सुरू झाला म्हणून काम संपले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की टिक जागेवर दिसते आणि तरीही कन्सोलला इंटरनेट मिळत नाही. आमच्याकडे दर रविवारी सकाळी माजघरातून “मामा, नेट गेलं की ओ पुन्हा!” अशी हाक येत असे आणि मी टिक काढून पुन्हा करत असे. विंडोज १० मधील हा जुना दोष आहे आणि मायक्रोसॉफ्टनेच त्यावर उपाय दिला आहे. ‘सर्व्हिसेस’च्या खिडकीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सेवा शोधून तिची सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ करावी. मग रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही) उघडणाऱ्या रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, शेअर्डॲक्सेस या क्रमाने आत जावे, तिथे ‘एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन’ हे नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एक डीवर्ड नोंद तयार करावी आणि तिची किंमत १ ठेवावी. रजिस्ट्रीत हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. ज्यांना ते धाडस नको वाटते त्यांनी टिक काढून पुन्हा करत राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नये’ अशी सेटिंग पॉवरच्या पर्यायांत करून ठेवावी आणि चार्जर लावलेला असू द्यावा. लॅपटॉप झोपला की कन्सोलचे इंटरनेटही झोपते.

राहता राहिला नॅटचा, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे चालवण्याच्या पद्धतीचा, प्रकार. आता कन्सोल दोन राउटरांच्या आड आहे, एक लॅपटॉप आणि दुसरा खरा राउटर. त्यामुळे प्लेस्टेशनवर प्रकार ३ किंवा एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ दिसू शकतो. खेळ डाउनलोड करायला याने काही अडत नाही. अडते ते मित्रांच्या गटात बोलताना. तशी अडचण नसेल तर या आकड्याकडे पाहूही नये. असेलच, तर एक्सबॉक्ससाठी ३०७४ हा पोर्ट (ये-जा करण्याचे क्रमांकाचे दार) आधी लॅपटॉपच्या शेअरिंग टॅबमधील ‘सेटिंग्ज’मध्ये आणि मग राउटरमध्येही उघडावा लागतो. एकाच ठिकाणी उघडून उपयोग होत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्यानेच एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल, तर हेही चालणार नाही आणि त्याच्याकडेच विचारणा करावी लागेल.

लॅपटॉप घराबाहेर नेण्यापूर्वी ही टिक न विसरता काढावी. शेअरिंग चालू ठेवून लॅपटॉपला दुसरीकडची लॅन केबल लावली, की तो तिथेही दिसेल त्या यंत्राला कन्सोल समजून पत्ते वाटू लागतो. मी हे एका सोमवारी ऑफिसात केले. तासाभराने शेजारच्या टेबलावरचे दोन संगणक इंटरनेट नाही म्हणून अडून बसले. केबल तपासून झाली, स्विच बंद-चालू करून झाला, आणि मग कोणीतरी एका पडद्यावरचा आयपी पत्ता मोठ्याने वाचला. १९२.१६८.१३७ एवढे ऐकताच मी गुपचूप माझी केबल काढली.