एअरफील्डजवळ जुना मशीनचा पार्ट सापडला? ओळखताना या चुका टाळा

पुण्यात लोहगाव, धानोरी, वाघोली साइडला पाया खणताना किंवा विहिरीचा गाळ उपसताना कधीतरी एखादा गंजका विचित्र पार्ट निघतो आणि तासाभरात फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, स्पिटफायरचा (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) तुकडा सापडला म्हणून. अंदाज अगदीच हवेतला नसतो, लोहगावचं एअरफील्ड १९३९ चं, मुंबईच्या संरक्षणासाठी ब्रिटिशांनी उभारलेलं, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथं वेलिंग्टन, मॉस्किटो, लिबरेटर अशी विमानं होती. पण आधी विमानाचं नाव ठरवलं की मग माणूस प्रत्येक भोक, प्रत्येक बोल्ट त्या विमानात बसवायला बघतो, आणि पार्ट स्वतः काय सांगतोय ते राहूनच जातं.

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या दिवशीच होतं, साफ करताना. ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकाचक करू नका प्लीज! तपासणीचे शिक्के बऱ्याचदा नुसत्या शाईचे असतात, मूळ रंगाचा थर पण ओळखीचा पुरावा असतो (अमेरिकन मालावर आतून पिवळट हिरवा प्रायमर खूप दिसतो), हे सगळं दोन मिनिटांत जातं आणि परत येत नाही. टॉयलेट क्लीनर किंवा कॉस्टिक तर अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश, बास. नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून बघा, वरून न दिसणारे आकडे उठून दिसतात, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप मिळतो.

दुसरं, एअरफील्डवरचं सगळंच विमानाचं नसतं. जनरेटर, पाण्याचे पंप, पेट्रोलचे टँकर, ट्रक, ट्रॅक्टर, किती काय असायचं. जड बिडाचा पार्ट असेल तर विमानाची शक्यता फार कमी, तिथं वजन वाचवणं हाच सगळा खेळ. आणि आपल्या भागात तर किर्लोस्कर आणि कूपरची इंजिनं शेताशेतात होती, त्यामुळे फ्लायव्हील किंवा पंपाची बॉडी सापडली तर आधी एखाद्या जुन्या फिटरला दाखवा, तो हातात घेऊनच सांगेल. गोल भोकांच्या तीन ओळी असलेला, दहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद पोलादी पत्रा विमानाचा पंख नव्हे, तात्पुरती धावपट्टी करायला असे पत्रे एकमेकांत अडकवून जमिनीवर अंथरायचे. मॉस्किटोची बॉडी आणि पंख लाकडाचे, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा दाखवून मॉस्किटो म्हणणं चूकच. उलट ड्युरॅल्युमिनच्या (अ‍ॅल्युमिनियमचा मजबूत मिश्रधातू) पट्ट्यांची तिरपी जाळी निघाली तर वेलिंग्टनचा विचार जरूर करा.

बाणाच्या खुणेवर पण लोक फार पटकन भाळतात. तो तीन रेघांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता एवढंच, फावड्यावर पण असतो. मुकुट आणि खाली एएम (AM) असेल तर एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिशांचं हवाई खातं, पण तेही विमानाचंच असं नाही. खरा उपयोग पार्टवरच्या सरकारी नंबरात तिरप्या रेघेच्या (/) आधी येणाऱ्या आकड्याचा: ६ए (6A) म्हणजे विमानातली मीटरं, ५सी (5C) म्हणजे इलेक्ट्रिकचं सामान, १० ने सुरू होणारे रेडिओचे. डी हॅविलँड कंपनीच्या मॉस्किटोचा टाइप नंबर ९८, त्यामुळे त्याच्या पार्ट नंबरची सुरुवात ९८ ने होते, स्पिटफायरच्या बऱ्याच नंबरांची ३०० ने.

आटे मोजायला विसरू नका. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) बोल्टला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याला १३, व्हिटवर्थचा कोन ५५ अंश आणि अमेरिकन ६०, म्हणजे चुकीचा नट एकदोन आटे चढतो आणि मग अडकतो, जोर लावला की मूळ आटेच जातात. आटे मोजायचं पिच गेज शे-दोनशे रुपयांत मिळतं. व्हर्नियर कॅलिपरवर ३८.१ मिलिमीटर असं काही आलं तर ते दीड इंच आहे, मेट्रिक समजू नका.

आता हे नीट वाचा. अंधारात चमकायची म्हणून बनवलेली मीटरं आणि स्विच यांच्या रंगात रेडियम असायचं, चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं आहे, म्हणून काच उघडू नका, खरवडू नका, पिशवीत बंद करून माणसांपासून लांब ठेवा. पांढरी भुकटी सुटलेला खूप हलका धातू मॅग्नेशियमचा असू शकतो, ग्राइंडरच्या ठिणगीने पेटतो आणि पाणी टाकलं तर अजून भडकतो. मित्र की शत्रू हे कळवणाऱ्या काही रेडिओ सेटमध्ये सेट उडवून द्यायला छोटा स्फोटक डिटोनेटर असायचा, म्हणून बंद डबा उघडायची घाई नको. काडतूस सापडलं, बुडावर केएफ (KF) दिसलं, तर ते आपल्या खडकीच्या कारखान्यातलं, पण रिकामं आहे की जिवंत हे हलवून बघू नका, तिथून लांब व्हा आणि ११२ ला फोन करा. आणि शोधायच्या नादात हवाई दलाच्या भिंतीजवळ फिरणं, फोटो काढणं नको, लोहगाव आजही चालू तळ आहे.

जागा न लिहिणं ही चूक तर जवळपास सगळेच करतात. किती खोल, सोबत अजून काय होतं, मातीत जळाल्याची खूण होती का, हे त्याच दिवशी लिहा. लिबरेटरचा पार्ट म्हणजे युद्धातलाच असंही नाही, कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बंगळुरूच्या एचएएल या विमान कारखान्याने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. युद्ध संपल्यावर डिस्पोजलचा, म्हणजे लष्कराने नको म्हणून विकायला काढलेला मालही इकडून तिकडे खूप विकला गेला, त्यामुळे जुन्या बाजारात घेतलेल्या पार्टबाबत लोहगावचा आहे असं विकणारा म्हणाला तर वहीत तसंच लिहा, विकणाऱ्याने सांगितलं म्हणून.