पहिल्याच चढाईत माझा रणगाडा 'मेला'

रणगाडा दलात नव्याने आलेला माणूस मोठ्या सरावाबद्दल आधी विचारतो ते तोफेबद्दल. मीही तेच विचारलं होतं. टी-७२ रणगाड्याचा कमांडर होऊन मला जेमतेम काही महिने झाले होते. १२५ मिलिमीटरची तोफ, आपोआप गोळा भरणारी यंत्रणा, तिच्या चक्रात २२ गोळे. वाळवंटातल्या नकली हल्ल्यात शत्रूला कधी टिपतो असं झालं होतं.

अशा सरावात खरा गोळा नसतो. तोफेवर लेसर बसवतात आणि गाड्याच्या अंगावर तो लेसर पकडणारे संवेदक. लेसर लागला की टरेटवरचा, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावरचा, दिवा लुकलुकायला लागतो आणि पंच येऊन सांगतात, "तुम्ही संपलात, जागेवर थांबा."

माझा दिवा सूर्य नीट वर यायच्या आतच लागला.

झालं असं की आमचा ट्रूप, म्हणजे रणगाड्यांची छोटी तुकडी, एका टेकाडाआड पोहोचला. पल्याड 'शत्रू'. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चढव." टेकाडाआडून नुसतं टरेट वर काढून मारा करायचा, हे शिकलो होतो. पण टी-७२ ची तोफ खाली साधारण ५-६ अंशच झुकते. उतारावरचं लक्ष्य तोफेत येईना, म्हणून मी गाडा आणखी पुढे घेतला. मग आणखी थोडा. आता ४१ टनांचं धूड माथ्यावर, पाठीमागे उजळलेलं आभाळ. चूक कळली तेव्हा "मागे घे" ओरडलो. टी-७२ रिव्हर्समध्ये ताशी ४ किलोमीटरच्या आसपासच सरकतो. पायी चालणारा माणूसही त्याला मागे टाकेल.

पंचांनी हॅच (वरचं झाकण) उघडून बसायची परवानगी दिली. राग आला होता, पण आत बसून पेरिस्कोपमधून हल्ल्याचा तुकडाच दिसतो; त्या दिवशी अख्खा हल्ला पाहायला मिळाला. गाडे दिसायच्या कितीतरी आधी त्यांचा फुफाटा दिसत होता. कोण घाईने वळलं, कोण दुसऱ्याच्या मागे चिकटलं, सगळं धुळीवरून कळत होतं. एक ट्रूप थांबून मारा करतोय, दुसरा त्या आडोशाने पुढे सरकतोय, पेरलेल्या सुरुंगांमधून काढलेल्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी गाड्यांची दाटी झालीय आणि 'शत्रू' नेमका तिथेच टिपतोय. रेडिओवर मात्र चारजण एकदम बोलत होते.

एक गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही. दाट धुळीत लेसर अडतो, त्यामुळे सरावात फुफाट्यात लपलेला वाचतो. ही सवय लावून घेऊ नका. २६ फेब्रुवारी १९९१ ला, आखाती युद्धात, इराकच्या वाळवंटातल्या ७३ ईस्टिंगच्या लढाईत वाळू उडत होती, तरी अमेरिकी रणगाड्यांना थर्मल साइटमधून, म्हणजे उष्णतेवरून लक्ष्य दाखवणाऱ्या दुर्बिणीतून, इराकी टी-७२ दिसत होते. इराक्यांकडे तशी साइट नव्हती.

बाकी काम कंटाळवाणं आहे आणि तेच जास्त आहे. दुसऱ्याच्या धुळीत चाललात तर एअर क्लीनर तुंबतो, इंजिन दम सोडतं. म्हणून मागोमाग न चालता वारा येतो त्या बाजूने तिरकं चाला. भुसभुशीत वाळूत जागच्या जागी झटक्याने वळलात तर ट्रॅक (चाकांवरचा पोलादी पट्टा) उतरतो, आणि भर उन्हात तो परत चढवणं म्हणजे काय हे एकदा केल्याशिवाय कळत नाही. हातमोजे विसरू नका, दुपारचं पोलाद हात भाजतं. ऊन चढलं की हवा थरथरते, दूरचं लक्ष्य पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. पहाटेची चढाई का करतात ते तेव्हा पटतं.

संध्याकाळच्या चर्चेत उस्तादांनी (आमच्या प्रशिक्षकांनी) मला एवढंच विचारलं, "माथ्यावर चढण्याआधी पलीकडे कोणी पाहिलं होतं?" कोणीच नव्हतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तसंच टेकाड आलं. गाडा खाली थांबवला, गनरच्या ताब्यात दिला, दुर्बीण घेऊन मी उतरलो आणि पोटावर सरपटत माथा गाठला. वाळू कॉलरमध्ये गेली. डावीकडच्या झुडपांमागे दोन तोफा दिसल्या, माझ्या सरळ वाटेवर रोखलेल्या. आम्ही उजवीकडून वळसा घेतला. दिवा त्या दिवशीही लागला, पण दुपारी.